काकूंच्या फडताळातलं पिस्तूल

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या मित्राच्या आईचा फोन आला. नारायण पेठेतला त्यांचा वाडा पाडायचाय, बिल्डरनं तारीख दिलीय, त्यामुळे तीन पिढ्यांचं सामान आवरणं चालू आहे आणि त्यात मागच्या खोलीतल्या फडताळात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक छोटं पिस्तूल निघालं. काकू म्हणाल्या, "अरे तुला जुन्या वस्तूंचा नाद आहे ना, येऊन बघून जा. पेशवाईतलं आहे म्हणे. बाहेर कुणाला देण्यापेक्षा तू घेतलंस तर निदान आपल्या माणसात राहील."

खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. गेली बारा-तेरा वर्षं मी अडकित्ते, कुलपं, दारू ठेवायची शिंगं, तराजू असलं काय काय जमवतोय पण खिशात मावेल असं खरं जुनं पिस्तूल हातात घेऊन बघायची संधी कधी आली नव्हती. म्युझियममध्ये काचेच्या मागून बघितलेलं वेगळं. तरी फोनवर दोन गोष्टी मी लगेच बोललो. एक म्हणजे लायसन कुणाच्या नावावर होतं का ते शोधा, आणि दुसरं म्हणजे पिस्तूल पिशवीत घालून रिक्षानं माझ्याकडे आणू नका, मीच येतो. काकूंना दुसरं जरा जास्तच वाटलं, म्हणाल्या "अरे खेळण्याएवढं तर आहे". खेळण्याएवढं असलं तरी ते शस्त्र आहे आणि कागद नसताना ते घेऊन शहरात फिरणं हा गुन्हा होऊ शकतो, हे त्यांना नीट समजावून सांगितलं.

किंमत त्यांच्या भाच्यानं काढून ठेवली होती, ऐंशी हजार. इंटरनेटवर "असंच" एक साडेआठशे पौंडांना बघितलं होतं त्यानं. त्यावर पुढे येतो.

आधी माझी एक जुनी चूक सांगतो कारण ती केली नसती तर मी यावेळी काकूंना डोळे झाकून ऐंशी हजार देऊन मोकळा झालो असतो. मंगळवार पेठेतला जुना बाजार पुणेकरांना सांगायला नको, बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं बऱ्याच वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून मी एक चकमकीचं, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारं, पिस्तूल साडेसात हजाराला घेतलं होतं. पितळेची नळी, दस्त्यावर नक्षी, वर इंग्रजीत कंपनी सरकारचा सिंह आणि सन. विक्रेता म्हणाला संस्थानातलं आहे, मी विश्वास ठेवला. घरी आणल्यावर दोन दिवसांनी बघतो तर रंजक, म्हणजे ठिणगीनं पेटवायची चिमूटभर दारू, ज्या खोबणीत ठेवतात तिथून नळीत जायचं भोकच पाडलेलं नाही! म्हणजे वर ठिणगी पडून रंजक पेटली तरी ती आग आतल्या दारूपर्यंत पोचायला रस्ताच नाही. तांबट आळीतल्या एका ओळखीच्या कारागिराला दाखवलं, त्यानं नळीच्या कडेनं बोट फिरवलं आणि म्हणाला ही ओतीव आहे, साच्याची शिवण अजून लागतीये बघा. भिंतीवर लावायची शोभेची वस्तू होती ती, राजस्थानात अशी भरपूर बनतात आणि शोभेची म्हणून विकली तर त्यात काहीच वाईट नाही, पण मला ती संस्थानातली म्हणून विकली होती. पैशांपेक्षा मला वाईट याचं वाटलं की मी वस्तू बघितलीच नव्हती, फक्त गोष्ट ऐकली होती.

तेव्हापासून खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले एक काका आहेत, त्यांना मी गुरूच मानतो, त्यांच्याकडून जमेल तसं शिकत आलोय. काकूंकडे जाताना त्यांनाच बरोबर घेतलं. सामान काय नेलं तर घड्याळजी वापरतात ते दहा पटीचं भिंग, व्हर्नियर कॅलिपर, टॉर्च, मऊ सुती फडकं, थोडं तेल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि उदबत्तीच्या चार-पाच काड्या. काकूंनी उदबत्तीच्या काड्या बघून विचारलं पूजा करणार का.

काड्यांचं काम सगळ्यात आधी होतं. जुनी ठासणीची शस्त्रं भरलेल्या अवस्थेत तशीच ठेवून दिलेली असू शकतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. त्यामुळे हातात घेतलं की पहिला प्रश्न सुंदर आहे का हा नाही, भरलेलं आहे का हा. नळीचं तोंड माणसांपासून लांब, घोड्याला आणि चापाला हात नाही. काकांनी उदबत्तीची काडी नळीत हळूच तळापर्यंत घातली, तोंडाशी नखानं खूण केली, बाहेर काढून नळीच्या बाजूला धरली. काडी घोड्याच्या थोडं अलीकडपर्यंत पोचायला पाहिजे होती, ती जवळपास दीड सेंटीमीटर आधीच थांबली. म्हणजे आत काहीतरी होतं. काकांनी तिथंच हात थांबवला, खोलीतल्या पोरांना बाहेर काढलं, नळीत थेंब थेंब तेल सोडलं आणि म्हणाले आज इथपर्यंतच, रात्रभर असंच राहू दे. मला खूप घाई झाली होती पण ते ऐकणारे नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काडी घातली तर टोकाला ओली माती लागून आली. पिवळसर, मऊ. हळूहळू सगळी बाहेर काढली, ते कुंभारीण माशीचं घर होतं! म्हणजे डब्यात जाण्याआधी हे पिस्तूल कधीतरी बरीच वर्षं भिंतीला खुंटीवर उघडं टांगलेलं असणार. काकूंना एकदम आठवलं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा माजघरात हरणाच्या शिंगांखाली काहीतरी लोंबत असायचं. वस्तू अशी स्वतःहून बोलायला लागते तेव्हा मला फार बरं वाटतं.

आता वस्तू कशी होती ते सांगतो. एकूण लांबी जेमतेम सोळा सेंटीमीटर, तळहातात लपते. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर बारीक चौकटीची खरवड, बोटं जिथं बसतात तिथली खरवड झिजून गुळगुळीत झालेली. घोडा बाजूला नाही तर मधोमध, लोखंडी पेटीसारख्या भागात बसवलेला, याला बॉक्सलॉक म्हणतात. आणि चाप दिसतच नाही! घोडा मागे ओढला की खालच्या खाचेतून चाप टक्कन बाहेर येतो. खिशात अडकू नये म्हणून ही युक्ती. तो चाप पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा काकूंच्या सुनेनं "अय्या" केलं आणि मीही मनात तेच केलं. नळी फिरकीची, म्हणजे आट्यांवर फिरवून निघणारी. अशा पिस्तुलात दारू आणि गोळी तोंडातून ठासत नाहीत, नळी काढून मागच्या बाजूनं भरतात आणि नळी परत फिरवून बसवतात.

पेशवाईचं काय, तर ते एका छोट्याशा भागानं मिटवलं. घोड्याच्या खाली एक बारकी पोकळ बोंडी होती, निपल, जिच्यावर तांब्याची टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला पेटतो आणि आग आत जाते. ही कल्पना निघाली स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या पाद्र्याकडून, त्याला पक्ष्यांच्या शिकारीची आवड होती, चकमकीची ठिणगी दिसली की पक्षी बार व्हायच्या आतच उडून जायचे म्हणून त्यानं आपटून पेटणारा मसाला वापरून बघितला आणि १८०७ साली पेटंट घेतलं. पण तांब्याच्या टोप्या वापरात रुळल्या त्या १८२० नंतरच्या वर्षांत. आणि पेशवाई १८१८ ला संपली. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा मैदानात चकमकीच्या आणि तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायच्या, बंदुका होत्या, टोपीचं पिस्तूल कुणाच्या कमरेला असायचं कारणच नाही.

इथं एक शंका काढावी लागते. पुष्कळ चकमकीची पिस्तुलं नंतर टोपीची करून घेतलेली असतात, मग मूळ वस्तू जुनी आणि निपल नवीन असं होऊ शकतं. आणि याच्या उलटही करतात, चकमकीच्या पिस्तुलाला जास्त पैसे मिळतात म्हणून टोपीचं परत चकमकीचं करून विकतात, त्यामुळे चकमकीचं असेल तर जास्तच बारकाईनं बघायला लागतं. बदल केला असेल तर रंजकेची खोबणी कापल्याची खूण दिसते, गारगोटी ज्या पोलादी पट्टीवर घासते तिच्या स्प्रिंगचं भोक बुजवलेलं सापडतं, नक्षी मध्येच तुटते. आम्ही भिंगाखाली सगळा भाग फिरवून बघितला, नक्षी सलग होती, बुजवलेलं भोक नव्हतं. म्हणजे जन्मापासूनच टोपीचं.

मग "लंडन". पेटीच्या डाव्या बाजूला फुलांच्या नक्षीत इंग्रजीत लंडन असं कोरलेलं होतं आणि भाच्याचे साडेआठशे पौंड त्याच एका शब्दावर उभे होते. नाव कोरायला कुणीही कोरू शकतं. परीक्षेचा ठसा मात्र सरकारमान्य ठिकाणीच मारतात, नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी फुटली नाही तर ठसा. लंडनच्या बंदूकवाल्यांच्या कंपनीला १६३७ ची सनद आहे, त्यांचा ठसा म्हणजे मुकुटाखाली जी आणि पी ही अक्षरं एकमेकांत गुंतवलेली आणि दुसरा मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानं झालं, तिथला ठसा फुलीसारखे दोन राजदंड, वर मुकुट, एकात बी पी सी आणि दुसऱ्यात व्ही. म्हणजे ठसा ओळखता आला की गावही कळतं आणि काळाची एक बाजूही बंद होते.

ठसे बहुतेक नळीच्या पोटाखाली आणि पेटीच्या खालच्या अंगाला असतात, म्हणून नळी फिरवून काढायची होती. काकांनी नळीभोवती ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि फक्त हाताच्या जोरानं, थांबत थांबत फिरवली. पक्कड अजिबात लावायची नाही. आधी कुणीतरी लावली होती, तिचे दातांचे ओरखडे नळीवर स्पष्ट दिसत होते आणि त्या दोन ओरखड्यांनी वस्तूची किंमत किती उतरते हे त्या माणसाला माहीत असतं तर त्यानं नक्की लावली नसती. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला नळी सुटली. आतल्या आट्या जुन्या तेलकट मळाखाली स्वच्छ, चमकदार. नळीच्या मागच्या कडेला आणि पेटीच्या समोरच्या तोंडावर एकच बारका आकडा मारलेला होता, दोन्हीकडे सात. म्हणजे ही नळी याच पिस्तुलाची, कुठलीतरी दुसरी आणून बसवलेली नाही. हा सात बघून मला जो आनंद झाला तो लंडन वाचूनही झाला नव्हता.

आणि खाली, नळीच्या पोटावर, तांदळाएवढा अंडाकृती ठसा. काकांनी भिंग माझ्याकडे दिलं आणि वाच म्हणाले. आत ई एल जी ही अक्षरं आणि खाली बारीक तारा. हा लंडनचा नाही, बर्मिंगहॅमचा नाही, बेल्जियममधल्या लिएज शहराचा ठसा. नेपोलियनच्या १८१० च्या हुकमानं तिथली तपासणी बसवली तेव्हापासूनचा. शेजारी अजून एक, पायऱ्यांवर उभा केलेला खांब. लिएजच्या चौकातला खांब आहे तो, पेरॉन म्हणतात, पण आम्हाला दोघांनाही एकदम देवळापुढची दीपमाळच आठवली. हा खांब तपासणीचा ठसा म्हणून १८५३ पासून मारायला लागले. आणि अंडाकृतीच्या डोक्यावर मुकुट असतो तो १८९३ नंतर आला, इथं मुकुट नव्हता. झालं, पिस्तूल १८५३ ते १८९३ या चाळीस वर्षांतलं. दोन बारक्या ठशांनी एवढं सांगितलं, एकही गोष्ट ऐकावी लागली नाही.

लिएजमध्ये तेव्हा अशी पिस्तुलं ढिगानं बनायची आणि खपावीत म्हणून लंडन कोरायची पद्धतच होती. सेगालास, लंडन असं नाव असलेली बरीच खिशातली पिस्तुलं मिळतात, तीही लिएजची समजली जातात. नावाचा हा उद्योग तिकडे अमेरिकेतही झाला. फिलाडेल्फियाचा हेन्री डेरिंजर छोटी पिस्तुलं करायचा, ती इतकी चालली की नकला निघाल्या, त्याला कोर्टात जावं लागलं. अब्राहम लिंकनवर १४ एप्रिल १८६५ ला झाडलेलं पिस्तूल डेरिंजरचंच होतं, त्यानंतर तर ते नाव घरोघरी झालं आणि मधे एक जादा आर घालून कुठल्याही छोट्या पिस्तुलाला लोक डेरिंजर म्हणायला लागले. त्यामुळे विकणारा डेरिंजर म्हणाला तर तो प्रकार सांगतोय का कारागीर सांगतोय हे आधी विचारा, दोन्हीच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खोटं जुनंपण कसं ओळखायचं हे मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. माझा अनुभव असा की झीज बघायची, गंज नाही. खरा वापर एकसारखा झिजवत नाही, हात जिथं लागतो तिथं कडा गोल होतात, नक्षी पुसट होते, आणि हात पोचत नाही त्या कोपऱ्यात कोरीव काम तसंच धारदार राहतं. ॲसिड लावून किंवा मातीत पुरून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो, नारिंगी, भुरभुरीत, अगदी मुठीच्या जागीसुद्धा. खरा जुना गंज गडद तपकिरी, कातडीसारखा बसलेला. स्क्रू बघा, हातानं कापलेली खाच अरुंद आणि कधी कधी किंचित मधोमध नसलेली असते, आणि चार खाचांचा स्टार स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकातला शोध आहे, निदान तो भाग तरी नवा. आट्यांचं मापही बघावं, व्हिटवर्थनं आट्यांचं एक माप ठरवायची सूचना मांडली १८४१ ला, त्याआधी प्रत्येक कारखान्याच्या आट्या वेगळ्या, त्यामुळे जुन्या पिस्तुलाच्या भोकात आजच्या बाजारातला मिलिमीटरचा स्क्रू आरामात बसला तर मला लगेच शंका येते. आणि नळीच्या आत टॉर्च मारून बघा, ओतीव नळी आतून खडबडीत, बारीक बुडबुड्यांची असते. खरं बघून डोळा तयार करायचा असेल तर बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं आहेत, तिथं एखादी दुपार घालवा, फोटोपेक्षा प्रत्यक्ष धातूचा रंग डोळ्यात बसू द्या.

एक कळकळीची विनंती, घासू नका. काकू चिंच-मीठ लावून लख्ख करून ठेवणार होत्या, नशिबानं आधी फोन केला. तो तपकिरी थर गेला की वस्तूचं वय पुसलं जातं आणि परत कधीच येत नाही, बारीक ठसे तर घासल्यानं कायमचे जातात. ते दोन ठसे गेले असते तर आज ते नुसतं "लंडनचं पिस्तूल" राहिलं असतं.

आता किंमत. भाच्याचा स्क्रीनशॉट मी नीट वाचला. ती होती ठेवायच्या पेटीसकट दोन पिस्तुलांची जोडी, गोळ्या ओतायचा साचा, दारूची कुपी, नळी फिरवायची किल्ली सगळं मूळचं, लंडनच्या नामांकित कारागिराची सही आणि लंडनचेच ठसे. शिवाय तो दुकानदारानं मागितलेला भाव होता, विकला गेलेला नाही. मागितलेल्या भावावर कधीच जाऊ नये, लिलावघरांच्या वेबसाइटवर विकल्याचे आकडे असतात ते बघावेत, त्यातही हातोडी पडलेली किंमत वेगळी आणि वर घेणाऱ्याकडून कमिशन वेगळं, ते बऱ्याचदा वीस-पंचवीस टक्के असतं. सही नसलेली, एकटी, लिएजची टोपीची खिशातली पिस्तुलं मला त्या यादीत शंभर ते दोनशे पौंडांच्या दरम्यान विकलेली दिसली. काकूंच्या पिस्तुलाला पकडीचे ओरखडे, दस्त्याला डाव्या बाजूनं केसाएवढी चीर, निपलचं डोकं चेपलेलं, बहुतेक पोरांनी रिकामा घोडा पाडून पाडून. आणि घोडा अर्ध्यावर ओढला की तिथं पक्का थांबायला हवा, तो घसरत होता. चांगली बाजू म्हणजे सगळे भाग मूळचे, न घासलेले, ठसे वाचता येतात, लपणारा चाप चालतो.

आणि पौंडाचा रुपया करून गुणाकार मांडणं हीच मुळात चूक आहे, हे भाच्याला पटवायला मला अर्धा तास लागला. शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. लंडनचा गिऱ्हाईक लंडनमध्येच राहणार. इथला गिऱ्हाईक म्हणजे ज्याला कायद्यानं घेता येतं असा माणूस, असे किती असणार. मी काकूंना प्रामाणिक आकडा सांगितला, कागद स्वच्छ असते तर मी पंधरा हजार दिले असते आणि आनंदानं दिले असते. काकू गप्प झाल्या. मलाही वाईट वाटलं, वाडा जातोय त्यात हेही. पण खोटं बोलून त्यांना खूष ठेवण्यात काय अर्थ होता, उद्या दुसऱ्या कुणी घेतलं असतं आणि त्याची फसवणूक काकूंच्या नावावर लागली असती.

कागद मात्र स्वच्छ नव्हते. आपल्याकडे एक गैरसमज फार पक्का आहे की जुनं म्हणजे अँटिक आणि अँटिक म्हणजे लायसन लागत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या किंवा मोडक्या शस्त्राला, पण पुढचे शब्द लोक वाचत नाहीत. दुरुस्ती करून किंवा न करता, कशाही प्रकारे जे वापरता येणार नाही असं शस्त्र, त्यालाच. काकूंच्या पिस्तुलाचा घोडा पडत होता, नळी मोकळी होती, नवी निपल बसवली की झालं. म्हणजे माझ्या समजुतीनं ते सूट मिळणाऱ्यात बसत नाही, आणि अशा बाबतीत आपली समजूत धरून बसायचं नाही, वकिलाला विचारायचं. माझ्या जुन्या बाजारातल्या त्या भोक नसलेल्या शोभेच्या पिस्तुलासाठी मला कुणी काही विचारणार नाही, आणि खऱ्यासाठी विचारणार.

लायसनची वही सापडली, देवघराच्या खणात, आजेसासऱ्यांची. उघडताना सगळ्यांचे श्वास अडकले होते. पण त्यात नोंद होती बारा बोअरच्या बंदुकीची, जी म्हणे त्यांच्या मुलानंच कधीची विकून टाकली. पिस्तुलाचा उल्लेख एकाही पानावर नाही.

मग मी घेणं शक्यच नव्हतं आणि काकूंनी ते घरात ठेवणंही बरोबर नव्हतं. ओळखीच्या एका वकीलबाईंनी सांगितलं की ज्याच्याकडे शस्त्र ठेवायचा कायदेशीर हक्क उरत नाही त्यानं ते पोलीस ठाण्यात किंवा लायसन असलेल्या डीलरकडे जमा करायचं असतं, कलम २१, आणि आपणहून गेलेलं कधीही चांगलं. त्यांनीच आधी ठाण्यात फोन करून सांगितलं, अर्ज लिहून दिला, कसं आणि कधी सापडलं ते सगळं त्यात, आणि मित्र, काकू आणि वकीलबाई असे तिघं मिळून गेले. पावती मिळाली. वस्तू संग्रहालयाला देता येईल का याचा अर्ज आता वकीलबाई बघतायत, मला मनापासून वाटतं की ते व्हावं.

जमा करायच्या आदल्या संध्याकाळी काका आणि मी परत गेलो होतो. व्हर्नियरनं सगळी मापं घेतली, दोन्ही ठशांवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली, अंडाकृती आणि दीपमाळ दोन्ही कागदावर छान उतरले, सात मात्र पुसट आला म्हणून तो हातानं काढला. त्याच्या दोन प्रती केल्या. एक अर्जाला जोडली. दुसरी काकूंनी मागून घेतली आणि धोतराच्या त्याच फडक्यात घडी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवली, डबा नव्या फ्लॅटवर नेणार आहेत म्हणाल्या.